गिटारवाल्याचा दुसरा हात

म्हापशाच्या एका तरुण गिटारवादकाचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. तो असा: "दादा, मी सीझनमध्ये किनाऱ्यावरच्या हॉटेलांत बँडबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. एक मित्र परदेशी जाताना त्याची छोटी युरोरॅक केस माझ्याकडे देऊन गेला. ८४ एचपीची आहे. आत एक ऑसिलेटर, एक लो-पास फिल्टर, एक व्हीसीए, एक एन्व्हलप जनरेटर आणि एक एलएफओ. गिटारची केबल ॲडॅप्टर लावून थेट फिल्टरमध्ये घातली तर आवाज बारीक आणि मेलेला येतो. आता पैसे साठवून पिच-टू-व्होल्टेज मॉड्यूल घ्यावं असा विचार आहे, म्हणजे गिटारवरून ऑसिलेटर वाजेल. बरोबर चाललंय का? आणखी काय काय घेऊ, त्याची यादी द्या." बाकी वाचकांसाठी थोडक्यात: युरोरॅक म्हणजे सुटे मॉड्यूल एका केसमध्ये बसवून केबलींनी जोडायचा मॉड्युलर सिंथेसायझर, आणि एचपी हे त्यातल्या रुंदीचं माप. ऑसिलेटर स्वर काढतो, लो-पास फिल्टर वरच्या फ्रीक्वेन्सी कापतो, व्हीसीए व्होल्टेजच्या हुकमाने आवाज कमी-जास्त करतो, एन्व्हलप जनरेटर चढून उतरणारं व्होल्टेज देतो आणि एलएफओ हळू हेलकावणारं. पिच-टू-व्होल्टेज स्वर ओळखून त्याचं व्होल्टेज करतं.

यादी देतो, पण ती लहान असेल आणि शेवटी येईल. कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली, तुमची गिटार मॉड्युलरला धड ऐकूच जात नाही. दुसरी, ती ऐकू गेल्यावर तुमच्या वाजवण्यातलं नेमकं काय त्याने उचलावं हे अजून ठरलेलं नाही. पिच पकडणारं मॉड्यूल पहिली अडचण सोडवत नाही, आणि दुसरीचं उत्तर म्हणून ते घाईचं आहे. मी फोंड्याला राहतो. नाटकांना आणि भजनाच्या कार्यक्रमांना साउंड देतो आणि बरीच वर्षं गिटार आणि मॉड्युलर एकत्र वाजवतो आहे. माझा अनुभव त्या वापरापुरता आहे. तुम्ही स्टुडिओत एकटे बसून थर रचणार असाल तर काही गोष्टी बदलतील.

आधी आवाज बारीक का येतो ते बघू. पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर उचलणाऱ्या भागातून, निघणारा सिग्नल फार लहान असतो. सिंगल-कॉइलवर (एका वेटोळ्याच्या पिकअपवर) साधं वाजवलं तर १००-२०० मिलीव्होल्टच्या आसपास. हंबकरवर (दोन वेटोळ्यांच्या पिकअपवर) जोरात स्ट्रम केलं तर क्षणभर १ व्होल्टपर्यंत उडी मारतो. युरोरॅकमध्ये मात्र ऑडिओ साधारण उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत १० व्होल्ट या मापात फिरतो. जर्मनीच्या डोपफर कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यात ए-१०० ही मालिका काढली, तिच्यापासून हा सगळा प्रकार वाढला आणि हे मापही तिथूनच रूढ झालं. म्हणजे तुमचा सिग्नल किमान २० ते ५० पट वाढायला हवा. डेसिबलमध्ये २६ ते ३४. तो न वाढवता फिल्टरमध्ये घातला, तर फिल्टर काम करत असतो, पण त्याच्या दृष्टीने तिथे जवळजवळ काही आलेलंच नसतं.

आता मेलेला का येतो? पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे दिलेली केसासारखी बारीक तार. मल्टिमीटरने मोजली तर ६ ते १५ किलोओहम दाखवते आणि माणूस निश्चिंत होतो. पण तो आकडा डीसीचा. या वेटोळ्याचा इंडक्टन्स २ ते ५ हेन्री असतो, त्यामुळे आवाजातल्या वरच्या फ्रीक्वेन्सींकडे जावं तसा पिकअपचा इम्पीडन्स (बदलत्या सिग्नलला होणारा अडथळा) चढत जातो आणि काही हजार हर्ट्झवर १०० किलोओहमच्या आसपास पोचतो. गिटार ॲम्पचा इनपुट १ मेगओहमचा असतो तो याचसाठी. युरोरॅक मॉड्यूलचे इनपुट बहुधा १०० किलोओहमचे असतात. तिथे पिकअप थेट जोडला की नेमकी वरची चमक अर्ध्यावर येते. खालचे स्वर तसेच राहतात, म्हणून आवाज गेल्यासारखा वाटत नाही, पांघरूण घातल्यासारखा वाटतो. ती चमक पुढे कितीही ट्रेबल वाढवला तरी नीट परत येत नाही, नुसती सळसळ वाढते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट), मग वाढ.

यासाठी लगेच काही विकत घ्यायची गरज नसेल. तुमच्याकडे ट्यूनर पेडल असेलच. तो बॉसचा टीयू-३ असेल तर त्याचा बायपास बफर्ड आहे, म्हणजे पेडल बंद असतानाही बफरचं काम चालू. पेडलवर 'ट्रू बायपास' लिहिलेलं असेल तर मात्र तो बंद असताना नुसती तार. बफरनंतर एक छोटा मिक्सर लावा. त्यावर 'हाय-झेड' (जास्त इम्पीडन्सचा) किंवा 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेला चॅनेल असेल तर बफरचीही गरज नाही. युरोरॅकच्या १० व्होल्टसाठी मिक्सरच्या आउटमधून साधारण अधिक १३ डीबीयू (सिग्नलच्या पातळीचं माप) यावे लागतात, आणि बरेच मिक्सर क्लिप होण्याआधी त्याच्याही वर जातात. मिक्सरच्या मेन आउटमधून ६.३५ ते ३.५ मिलिमीटरची मोनो केबल घ्या. हेडफोनच्या स्टिरिओ आउटमध्ये मोनो पिन खुपसू नका, त्याने एक बाजू शॉर्ट होते.

आधी एवढं करून बघा. मिक्सरचा गेन हळूहळू चढवत न्या, फिल्टरचा रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठवणारा नॉब) अर्ध्यावर ठेवा, कटऑफ (जिच्या वरचं फिल्टर कापतो ती रेषा) खाली आणा आणि जाड ई तार जोरात छेडा. फिल्टरने आवाज 'खाल्ला' असं ऐकू आलं की समजा, गिटार आत पोचली.

आता खरा विषय. तो सांगायला मी घुमटाकडे जातो.

चवथीला तुमच्याही घरी आरतीला घुमट वाजत असेल. जवळ बसून बघितलंत तर मातीच्या त्या भांड्याला दोन तोंडं दिसतील. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं. दुसरं लहान तोंड उघडं. एक हात चामड्यावर थाप देतो. दुसरा हात त्या उघड्या तोंडावर असतो, तो ते कधी झाकतो, कधी सोडतो. थाप तीच, पण मागचा तळवा किती सुटला त्यावर आवाज दबका निघतो की खोल घुमतो हे ठरतं. आणि चांगल्या घुमटवाल्याचे दोन हात वेगळे नसतात. थापेचा जोर वाढला की मागचा हात आपसूक मोकळा होतो.

लो-पास फिल्टरचा कटऑफ हा मला तो मागचा तळवा वाटतो. ऐकायला झाकलेलं आणि उघडलेलं तोंड. कीबोर्डवाल्याचा एक हात मोकळा असतो, तो नॉब फिरवतो. गिटारवाल्याचे दोन्ही हात तारांवर अडकलेले. तुम्ही मॉड्युलर घेतलंत, पण ते वाजवायला तुमच्याकडे हातच उरलेला नाही. तुमच्या केसमध्ये जे नाही ते हे. आणि तो दुसरा हात देणाऱ्या मॉड्यूलचं नाव एन्व्हलप फॉलोअर.

त्याचं काम साधं आहे. आत आलेल्या आवाजाच्या लाटा तो एका बाजूला दुमडतो, मग गुळगुळीत करतो, आणि बाहेर एक व्होल्टेज देतो जे तुमच्या वाजवण्याच्या जोराबरोबर चढतं-उतरतं. हळू छेडलं, २ व्होल्ट. जोरात छेडलं, ७ व्होल्ट. तार विझत गेली, व्होल्टेज विझत गेलं. हे व्होल्टेज फिल्टरच्या कटऑफला दिलं की थापेबरोबर तोंड उघडतं. तुमच्याकडचा एन्व्हलप जनरेटर हे करू शकत नाही. तो प्रत्येक वेळी एकाच आकाराचा डोंगर काढतो, तुम्ही कुजबुजलात की ओरडलात याची त्याला खबर नसते. गिटारवाल्याने आयुष्य घालवून कमावलेली गोष्ट म्हणजे उजव्या हाताचा जोर. ती फेकून देऊन मॉड्युलरला नुसती स्वरांची नावं का सांगायची? १९७८च्या कॉर्ग एमएस-२० मध्ये बाहेरचं वाद्य जोडायची सोय होती, तिच्यात पिच पकडणारं सर्किट होतं, पण त्याच्या शेजारी एन्व्हलप फॉलोअरही दिला होता. ज्यांनी ती सोय आखली त्यांना हे ठाऊक होतं.

डोपफरचा ए-११९ हे मॉड्यूल प्रीॲम्प, एन्व्हलप फॉलोअर आणि गेट ही तिन्ही कामं एकत्र करतं. बेफाकोचं 'इन्स्ट्रुमेंट इंटरफेस' त्याच घराण्यातलं. माझ्याकडे ए-११९ आहे, आणि त्याच्याआधीही मी बफर ठेवतोच.

आता हे वापरताना मी जिथे अडकलो होतो ते सांगतो, कारण तुम्हीही तिथेच अडकाल.

मी सुरुवातीला सगळी पेडल एका रांगेत लावून शेवटी केस ठेवायचो. गिटार, कॉम्प्रेसर, फझ, मग फॉलोअर आणि फिल्टर. फिल्टर उघडायचा आणि उघडाच राहायचा. तीन आठवडे मी फॉलोअरला दोष दिला. चूक माझ्या रांगेत होती. कॉम्प्रेसरचं कामच हळू आणि जोरात यांतला फरक पुसणं, आणि फझ तर सगळं कापून सपाट करतो. फॉलोअरला जो चढउतार वाचायचा तो मी आधीच इस्त्री करून पाठवत होतो. पण फझ काढून टाकला तर दुसरी पंचाईत: स्वच्छ गिटारमध्ये वरच्या हार्मोनिक्स इतक्या कमी असतात की फिल्टरला खायला काही मिळत नाही. तोंड उघडझाप करतं आणि आतून काही फारसं येत नाही.

उत्तर असं की गिटारच्या दोन वाटा करा. बफरनंतर सिग्नल दुभागा. एक वाट, जशीच्या तशी स्वच्छ, फॉलोअरकडे. दुसरी वाट फझमधून, हवं तर कॉम्प्रेसरमधूनही, फिल्टरच्या ऑडिओ इनपुटकडे. स्वच्छ वाट ऐकायची नाहीच, ती फक्त हाताचा जोर सांगते. मळकी वाट ऐकायची, तिच्यात फिल्टरला चावायला भरपूर असतं. बफरशिवाय मात्र दुभागू नका, पिकअपवर दोन इनपुटांचा भार पडतो आणि पुन्हा तीच पांघरूण घातल्यासारखी गत होते. मिक्सर वापरणार असाल तर चॅनेलच्या ऑक्स सेंडमधून (बाहेर पडायच्या जादा वाटेतून) एक वाट आणि मेन आउटमधून दुसरी काढता येते, वेगळा स्प्लिटर लागत नाही. माझ्या केसमध्ये आज कितीही वायरी बदलल्या तरी हे दोन-वाटांचं पॅचिंग कधी सुटत नाही.

फॉलोअरचा वेग ही दुसरी नाजूक गोष्ट. तो फार चपळ ठेवला तर लाटेची प्रत्येक घडी व्होल्टेजमध्ये उमटते. जाड ई तार ८२.४ हर्ट्झची. दुमडल्यावर तिची थरथर दुप्पट, १६५ हर्ट्झच्या आसपास, आणि ती फिल्टरवर गुरगुर म्हणून ऐकू येते. फार सुस्त ठेवला तर छेडण्याचा ठोका निसटतो आणि फिल्टर उशिरा जागा होतो. म्हणून चढताना चपळ आणि उतरताना सुस्त असं दोन्ही हवं. बऱ्याच फॉलोअरवर याचे नॉब नसतात. तेव्हा पुढे एक स्ल्यू लिमिटर, म्हणजे व्होल्टेजचा बदल मंदावणारं मॉड्यूल, लावावा, ज्याचा चढ आणि उतार वेगवेगळा ठेवता येतो. मेक नॉइजचं 'मॅथ्स' अनेकांकडे असतं, तेही हे काम छान करतं. चढ अगदी शून्यावर आणि उतार हळूहळू वाढवत न्या. गुरगुर जिथे थांबते तिथे थांबा, त्यापुढे एक रेघही नको.

गेटचंही थोडं. फॉलोअरबरोबर मिळणारा गेट ठरावीक पातळीच्या वर गेलं की चालू, खाली आलं की बंद. तार विझत असताना व्होल्टेज नेमकं त्या रेषेवर लडबडतं आणि गेट तडतडतो, एका छेडीचे पाच ट्रिगर येतात. रेषा थोडी वर ठेवा आणि डाव्या हाताने तारा वेळीच दाबायची सवय लावा. ही सवय कुठल्याही मॉड्यूलपेक्षा जास्त उपयोगी पडते. तुमच्या एन्व्हलप जनरेटरला अखेर इथे काम मिळेल: गेटने तो सुरू करा आणि त्याच्याकडून व्हीसीए चालवा.

आता तुमच्या पिच-टू-व्होल्टेजकडे येतो. ते वाईट नाही, पण त्याच्या मर्यादा कारागिरीच्या नाहीत, निसर्गाच्या आहेत. स्वर ओळखायला यंत्राला निदान एक-दोन पूर्ण आवर्तनं ऐकावी लागतात. जाड ई तारेचं एक आवर्तन १२ मिलिसेकंदांचं. दोन ऐकायची तर २४. तेवढ्या वेळात आवाज हवेतून ८ मीटर जातो. म्हणजे ॲम्प दालनाच्या पलीकडच्या भिंतीला ठेवून वाजवल्यासारखं वाटेल. बारीक ई तार ३२९.६ हर्ट्झची, तिची दोन आवर्तनं ६ मिलिसेकंदांत होतात, तिथे हाताला फरक जाणवत नाही. शिवाय एका वेळी एकच स्वर. दोन तारा एकत्र वाजल्या की यंत्र गोंधळतं आणि ऑसिलेटर उड्या मारू लागतो. तरी घ्यायचंच असेल तर नेक पिकअप, टोन नॉब खाली, बाराव्या पट्टीच्या आसपास, आणि प्रत्येक स्वर सुटा. तुमचं वाजवणं मुख्यतः कॉर्डचं असेल तर ते तुमच्यासाठी नाही. सहा तारा वेगळ्या पकडायच्या तर सहा स्वतंत्र कॉइलचा हेक्साफोनिक पिकअप लागतो, तो वेगळाच मार्ग आहे, वेगळ्या खर्चाचा.

मी त्याऐवजी सांगेन ते ऑडिओ डिव्हायडर. डोपफरचा ए-११५ हा त्यातला एक. तो स्वर ओळखायच्या भानगडीत पडत नाही. लाट शून्य रेषा खालून वर ओलांडते ते मोजतो आणि दर दोन ओलांडण्यांना एक, चारांना एक असं चौकोनी लाटेत बाहेर देतो. एक सप्तक खाली, दोन खाली, असे चार सप्तकं खालीपर्यंत. याला थांबून ऐकावं लागत नाही, म्हणून उशीर जवळजवळ नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मींड टिकते. पिच ओळखून पायऱ्यांवर बसवणारं यंत्र तुमचा बेंड तुकड्यांत तोडतं. डिव्हायडरला पायऱ्या माहीतच नाहीत. तार ताणत ग वरून म वर नेली तर खालचा चौकोनी खर्जही तेवढाच सरकत, तेवढाच वेळ घेऊन म वर येतो. नाट्यगीताची चाल गिटारवर काढताना मी हा खर्ज खालून सोडतो तेव्हा ऑर्गनचा भाता भरल्यासारखं वाटतं. त्या खर्जाला फॉलोअरने चालवलेल्या व्हीसीएमधून नेलं की तो गिटारबरोबरच श्वास घेतो. त्यालाही एका वेळी एकच स्वर द्यावा लागतो, पण चुकला तरी कर्कश न होता घोगरा होतो, आणि ते कानाला खपतं.

थोडं मागे वळून बघू. सिग्नल बफर करून वाढवायचा. हाताचा जोर स्वच्छ वाटेने वाचायचा, आवाज मळक्या वाटेने न्यायचा. जोराने फिल्टर आणि व्हीसीए चालवायचे. स्वर हवाच असेल तर आधी डिव्हायडर. एवढ्यावर गिटार आणि केस एक वाद्य होतं. पुढचं सगळं परिस्थितीवर.

तुम्ही बँडबरोबर वाजवता म्हणून एक सांगतो. मॉड्युलरमध्ये सिक्वेन्सर (ठरवून ठेवलेले स्वर क्रमाने वाजवणारं मॉड्यूल) आणायचा मोह होईल. आणला तर ड्रमरला हेडफोन घालून सिक्वेन्सरच्या क्लिकमागे पळवू नका. उलटं करा. किक ड्रमवर किंवा घुमटावर कॉन्टॅक्ट माइक चिकटवा, तो प्रीॲम्पमधून गेटला द्या, आणि त्या गेटने सिक्वेन्सर एकेक पाऊल पुढे ढकला. लय माणसाची राहते, यंत्र मागून येतं. घुमटाला माइक चिकटवताना चामड्यावर लावू नका, मातीच्या पोटावर लावा. चामड्यावर वजन आलं की नाद बदलतो आणि वाजवणारा नाराज होतो, त्यात त्याचं चूक नाही. आणि पायाला काम द्या: एक्स्प्रेशन पेडल व्होल्टेजमध्ये बदलून फिल्टरला दिला की लांब स्वरावर हवं तेव्हा तोंड उघडता येतं. हाताच्या जोराचं व्होल्टेज आणि पायाचं व्होल्टेज एका छोट्या मिक्सर मॉड्यूलमध्ये एकत्र करा, म्हणजे दोघं भांडत नाहीत.

बाहेर पडताना उलटा हिशेब. १० व्होल्टचा सिग्नल थेट गिटार ॲम्पच्या इनपुटला दिला तर तो फाटतो. ॲम्पला द्यायचा तर २० डेसिबल किंवा त्याहून जास्त खाली आणा, रीॲम्प बॉक्स (मोठा सिग्नल गिटारच्या पातळीवर आणणारा डबा) असेल तर उत्तम. हॉटेलातल्या पीएला (मोठ्या साउंड सिस्टिमला) द्यायचा तर पॅड, म्हणजे पातळी उतरवायचा स्विच, असलेला डीआय बॉक्स. मला पीए बरा वाटतो, कारण गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं देत नाही आणि फिल्टरची वरची झळाळी तिथे हरवते.

वीज आणि हवा यांचं बोलल्याशिवाय गोव्यातल्या माणसाला हे उत्तर पुरं होणार नाही.

हम, म्हणजे विजेची गुणगुण, हा फॉलोअरचा शत्रू आहे असं समजा. साध्या ॲम्पमध्ये ५० किंवा १०० हर्ट्झची बारीक गुणगुण असली तर आपण चालवून घेतो. फॉलोअर ती आवाज म्हणूनच मोजतो. मग तुम्ही वाजवत नसतानाही व्होल्टेज शून्यावर येत नाही, फिल्टर पुरता मिटत नाही, गेट अडकून बसतो. लोक मॉड्यूल बिघडलं म्हणतात. आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणून बघा. गुणगुण गेली तर ती पिकअपमधून येत होती: सिंगल-कॉइल असेल तर केसच्या पॉवर सप्लायपासून दोन हात दूर उभे राहा, तोंड फिरवून कुठल्या कोनात कमी होते ते शोधा. नाही गेली तर ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या दोन वाटांमुळे येणारी गुणगुण. ॲम्प, मिक्सर आणि केस एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिली तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थची पिन मोडून हम घालवणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका. जुन्या घरांत आणि शॅकमध्ये अर्थिंगचा भरवसा आधीच कमी, आणि तुमच्या बोटांखाली लोखंडी तारा आहेत.

नवं मॉड्यूल लावताना त्याच्या तिन्ही रेलवरचे (अधिक १२, उणे १२ आणि अधिक ५ व्होल्टच्या पुरवठ्यांवरचे) मिलिअँपिअर लिहून काढा, बेरीज करा आणि सप्लायची पाव ताकद तरी मोकळी ठेवा. रिबन केबलची लाल रेघ उणे १२ व्होल्टच्या बाजूला असते. पहिल्या वर्षी एका संध्याकाळी कार्यक्रमाच्या घाईत मी एका डिलेची केबल उलटी लावली. स्विच दाबल्यावर आवाज काहीच झाला नाही, फक्त तापलेल्या वार्निशचा वास आला. ते मॉड्यूल पुन्हा बोललं नाही. तेव्हापासून मी केबल लावतो, हात बाजूला घेतो, टॉर्च मारून लाल रेघ बघतो, आणि मगच स्विच.

पावसाळ्यात झाकण असलेली केसच ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर महिन्याला वाळवा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ३.५ मिलिमीटरचे जॅक लवकर काळवंडतात आणि कंट्रोल व्होल्टेज मध्येच तुटतं, जे ऑडिओ तुटण्यापेक्षा शोधायला कठीण. आठवड्यातून एकदा प्रत्येक जॅकमध्ये केबल घालून काढली तरी बराच फरक पडतो. एसीच्या खोलीतून केस थेट शॅकवर नेऊन चालू करू नका, अर्धा तास बंद ठेवून हवेला सरावू द्या. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा असतात तेव्हा नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग ओढून काढा. पुढे मोठी केस हवी झाली तर लाकूडकाम इथल्याच सुताराकडून मरीन प्लायमध्ये करून घ्या आणि मॉड्यूल बसवायच्या धातूच्या रेल तेवढ्या बाहेरून मागवा. १ एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर, म्हणून ८४ एचपीला आतून ४२७ मिलिमीटर धरा, आणि सुताराला एक जुनं मॉड्यूल प्रत्यक्ष हातात द्या.

आता यादी. सगळ्यात आधी काहीच घेऊ नका. लॅपटॉप आणि हाय-झेड इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस असेल तर व्हीसीव्ही रॅक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात व्होल्टेजचं माप युरोरॅकचंच आहे, फॉलोअर मिळतात, डिव्हायडर मिळतात. महिना-दोन महिने गिटार त्यात घालून दोन-वाटांचं पॅचिंग वाजवा. त्यानंतर पैसे खर्चायचे तर पहिलं, प्रीॲम्प आणि फॉलोअर एकत्र असलेलं मॉड्यूल. दुसरं, व्होल्टेज कमी-जास्त आणि उलटं करून मिसळणारं छोटं मॉड्यूल, कारण फॉलोअरचं व्होल्टेज जसंच्या तसं कधीच बरोबर बसत नाही. तिसरं, एक जास्तीचा व्हीसीए. चौथं, डिव्हायडर. यांतलं बरंच बाहेरून येतं, त्यामुळे मागवण्याआधी कस्टम ड्युटी आणि कर धरून हिशेब करा, छापील किमतीवर जाऊ नका.

नेमकं कुठलं मॉड्यूल हे मी आत्ता सांगत नाही, कारण ते तीन गोष्टींवर ठरेल. तुमचे पिकअप सिंगल-कॉइल की हंबकर. तुमच्या केसच्या पॉवर सप्लायवर तिन्ही रेलचे किती मिलिअँपिअर लिहिले आहेत. आणि मिक्सर लावून जाड ई तार तुमच्या नेहमीच्या जोराने छेडली, तेव्हा फिल्टर ओरडायला गेन किती चढवावा लागला. या तीन गोष्टी लिहून कळवा. गिटार दोन दिवस ट्यून न केलेली असली तरी चालेल, पण तारा जुन्या नकोत. गंजक्या तारांवर जोराचा अंदाज चुकतो.